वादी, प्रतिवादी आणि माझं मागचं दार

आमच्या घरमालकांना कुठलीही गोष्ट चारी दिशांनी सांगायची सवय होती. चष्मा हरवला की ते कामवाल्या बाईंना म्हणायचे, "पूर्वेस पंचांग, पश्चिमेस पानाचा डबा, दक्षिणेस भिंत. उत्तरेकडून हात घाला." चष्मा तिथेच असायचा. त्यांचा सगळा जन्म फोर्टातल्या एका सॉलिसिटरच्या कचेरीत खरेदीखतं लिहिण्यात गेला होता. चतुःसीमा सांगितल्याशिवाय एखादी गोष्ट खरोखर आहे, असं त्यांना वाटतच नसे.

मी दुकान बघायला पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "कुठला तू?"

"लालबागचा."

"लालबागच्या पूर्वेस काय?"

"शिवडी."

"पश्चिमेस?"

"करी रोड."

"उत्तरेस परळ, दक्षिणेस चिंचपोकळी. बरोबर?"

"बरोबर."

"मग आहेस तू," ते म्हणाले आणि आत चहा सांगितला. त्या दिवसापासून त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली नाही. मी 'लालबाग' झालो. मला ते आवडलं नव्हतं. गिरगावातल्या जुन्या घरमालकाने लालबागच्या माणसाला लालबाग म्हणणं यात काय काय असतं, ते मला समजतं. माझे वडील मिलमध्ये साच्यावर होते. मी फुटपाथवर बसून कुलपं दुरुस्त करण्यापासून सुरुवात केली, आणि आज माझ्या दुकानात कुलपं, इंटरकॉम, कॅमेरे, सगळं मिळतं. पण दुकान जागेच्या दृष्टीने चांगलं होतं, म्हणून मी तेव्हा गप्प बसलो.

घर कोपऱ्यावरचं. पुढे रस्त्याला माझं दुकान, वर दोन मजल्यांवर भाडेकरू, मागे मोकळं आवार आणि आवारात मालकांचं बैठं घर. आवाराला बोळाच्या बाजूने कमरेएवढी भिंत आणि एक फाटक. माझ्या दुकानाचं मागचं दार या आवारात उघडायचं. माझा सगळा माल त्या दाराने यायचा. दुकान मी घेतलं ते त्या दारासाठी, हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्या दारावरून आहे.

मालक भाव करण्यात माझ्यासारख्याला पाणी पाजतील असे होते. फरक एवढाच, की मी पैशाचा भाव करतो आणि ते कशाचाही करत. वरच्या बिऱ्हाडातलं पोर गॅलरीत ओरडायला लागलं तर ते खालून म्हणत, "अर्धा तास ओरड, मग अर्धा तास मला दे." पोर म्हणायचं, "पाऊण." मालक म्हणायचे, "चाळीस मिनिटं." आणि पोर खरंच गप्प व्हायचं. डॉक्टरांनी पान बंद करायला सांगितलं तेव्हा त्यांनी डॉक्टरांशी सकाळच्या एका पानावर तडजोड केली. देवाशी सुद्धा त्यांचं असंच चालत असावं.

कुत्री त्यांनी आणली नाहीत, ती त्यांच्याकडे आली. त्यांचा जावई लष्करात, हिमालयात कुठेतरी. तो सुट्टीवर येताना टोपलीतून दोन पिल्लं घेऊन आला. मेंढ्या राखणारी पहाडी जात. पुढच्या वर्षी त्याची बदली झाली, लेक म्हणाली, "बाबा, थोडे दिवस ठेवा." थोडे दिवस संपायच्या आत पिल्लांची वासरं झाली. काळी, मानेवर सिंहासारखी आयाळ, आवाज विहिरीतून आल्यासारखा. मालकांनी नराचं नाव वादी ठेवलं आणि मादीचं प्रतिवादी.

"अशी नावं कोण ठेवतं?" मी विचारलं.

"जन्मभर या दोघांनीच मला पोसलं," ते म्हणाले. "आता मी त्यांना पोसतो."

गिरगावच्या उकाड्यात त्या केसाळ जनावरांचे हाल व्हायचे. म्हणून मालक मासळीबाजारातून रोज बर्फाची लादी आणवायचे. ती गोणपाटात गुंडाळून बदामाच्या झाडाखाली ठेवायची आणि दोघं तिच्यावर पोट टाकून पडायची. बदामाचं झाड माझ्या मागच्या दाराला लागून. बर्फाचं पाणी दाराखालून आत यायचं. त्याला मासळीचा वास असायचा. माझा इंटरकॉमचा एक खोका त्यात भिजला. मी भांडायला गेलो तर म्हणाले, "पाण्याला नोटीस कशी द्यायची, तू सांग."

हे असंच चाललं असतं, पण एका संध्याकाळी बोळात एका भटक्या कुत्र्यावर वादी भिंतीवरून झेपावला. त्याच वेळी पहिल्या मजल्यावरच्या नर्सबाई भाजी घेऊन येत होत्या. रिटायर झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, मालवणच्या. कुत्रा त्यांना शिवला सुद्धा नाही, पण त्या दचकून पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं.

भाडेकरू जमले. कुत्री घालवा, नाहीतर पालिकेत तक्रार करतो, म्हणाले. मालक उभे राहिले. एरवी भाव करणारा हा माणूस त्या दिवशी एकच वाक्य बोलला, "यापुढे यांचा एक पंजा हद्दीबाहेर पडला, तर मी स्वतः दोघांना इथून घालवीन. शब्द आहे माझा." त्यांच्या शब्दावर आळीत लोक डोळे मिटून व्यवहार करत. लोक घरी गेले.

भिंत उंच करायची तर म्हणे परवानगी लागते, आणि साखळी त्यांना मंजूर नव्हती. "बांधलेलं जनावर राखण करत नाही, शिक्षा भोगतं," ते म्हणायचे. मग ते माझ्याकडे आले. मी त्यांना विजेचं अदृश्य कुंपण सांगितलं. जमिनीत वीतभर खोल एक तार पुरायची, तिची टोकं घरातल्या डबीला जोडायची. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा. कुत्रं तारेजवळ गेलं की पट्टा शिट्टी वाजवतो. तरीही पुढे गेलं तर मानेला झटका देतो. पंधरा दिवस तारेवर पताका लावून शिकवायचं, मग पताका काढल्या तरी कुत्रं थांबतं.

मालकांचे डोळे चमकले. "म्हणजे दिसत नाही, पण आहे. खरी हद्द अशीच असते."

दुसऱ्या दिवशी ते कबड्डीच्या मैदानाला मारतात तसली फक्की घेऊन स्वतः रेघ आखायला लागले. मी मागे मागे. रेघ भिंतीच्या आतून गेली, फाटकाच्या आतून गेली, आणि बदामाच्या झाडाला वळसा घालून माझ्या दारापुढून न जाता दाराला चिकटून गेली. दाराबाहेरची सगळी जागा रेघेच्या आत.

"मालक, माझं दार कुत्र्यांच्यात गेलं."

"गेलं."

"मग माल कुठून आणू?"

"पुढून आण. दुकानाला पुढची बाजू आहे ना?"

"पुढे टेम्पो उभा केला की हवालदार उभा राहतो. तीन हात रेघ अलीकडे घ्या ना!"

"दुपारची सावली त्या तीन हातांतच पडते रे. सूर्य काय मी आखलाय?"

मी आवाज चढवला. वरच्या गॅलऱ्या भरल्या. मालक शांतपणे फक्की मारत राहिले आणि म्हणाले, "तू ये-जा कर की. हद्द त्यांना आहे, तुला कुठे आहे?" माझं दार बाहेर उघडणारं. त्याला टेकून दोन मोठी कुत्री झोपल्यावर ये-जा कशी करायची, ते त्यांनी सांगितलं नाही. तार मीच पुरली. स्वतःच्या दाराला कुलूप मारायचं काम मी स्वतःच्या हातांनी केलं.

पट्टा आल्यावर तो कुत्र्यांच्या गळ्यात घालायला त्यांनी नकार दिला. "आधी मला घाल."

"मालक, भलतंच काय."

"ज्याचा अनुभव नाही असा कागद मी कधी पक्षकाराला सही करायला दिला नाही. घाल."

घातला. लेंगा-सदऱ्यातले मालक गळ्यात कुत्र्याचा पट्टा घालून पताकांकडे चालायला लागले. गॅलरीतून कुणी तरी ओरडलं, "मालक, शेपूट राहिलं!" त्यांनी मान वर केली नाही. शिट्टी वाजली. ते थांबले, ऐकलं, आणि पुढे एक पाऊल टाकलं. अंग थाडकन उडालं. हातातला अडकित्ता लांब जाऊन पडला. बराच वेळ ते मान चोळत उभे होते. मग म्हणाले, "आधी शिट्टी, मग मार. नोटीस देऊन कारवाई. कायदेशीर आहे."

मग झटका किती ठेवायचा यावर आमचं जुंपलं. पट्ट्यावर एकापासून दहापर्यंत आकडे होते.

"मला लागलं तेवढंच त्यांना लागलं पाहिजे, जास्त नाही. दोन."

"तुमची मान उघडी आहे मालक, यांच्या मानेवर गादी आहे! दोनला वाटेल माशी बसली. सात ठेवा."

"तीन."

"सहा. अहो, चिडलेल्या कुत्र्याला काही लागत नाही."

"चार. आता बोलायचं नाही."

मी सहाच म्हणत होतो, हे तेव्हा गॅलरीत असलेल्या कुणालाही विचारा. पण चारावर ठरलं.

पंधरा दिवस सकाळी आणि संध्याकाळी मालक खिशात खारी घेऊन त्यांना शिकवत होते. पताकेपर्यंत न्यायचं, शिट्टी वाजली की मागे वळायचं, खारी द्यायची. बरोबर तोंडाने चालूच, "वादी, पूर्वेस बोळ. बोळ आपला नाही. प्रतिवादी, दक्षिणेस लालबागचं दार. दार त्याचं, दारासमोरची जागा आपली." हे मला ऐकू जाईल अशा आवाजात. सोळाव्या दिवशी पताका काढल्या. बोळातून मांजर गेलं तरी दोघं रेघेवर येऊन थांबत. लोक संध्याकाळी भिंतीशी उभे राहून ते बघत. नर्सबाई सुद्धा प्लास्टरातला हात घेऊन बघायला येत. नंतर त्या वादीला भिंतीवरून बांगड्याची डोकी टाकायला लागल्या.

पुढच्या भाद्रपदात आळीचा गणपती आला. आमच्याकडे रीत अशी, की मूर्ती परळच्या कारखान्यातून आली की मंडपात जायच्या आधी मालकांच्या फाटकाशी थांबते. मालक बाहेर येऊन नारळ वाढवतात, आणि मग मंडळाची पोरं त्यांना खांद्यावर घेऊन नाचतात. त्यांच्या वडिलांनाही असंच घेत. गुडघ्याच्या दुखण्यामुळे मधली दोन वर्षं मालक फाटकाशी खुर्चीत बसूनच नारळ देत होते. म्हणजे कुत्र्यांनी ही रीत कधी पाहिलेली नव्हती. त्या वर्षी गुडघा बरा होता.

मी सकाळी जाऊन सांगितलं, "मालक, आज दोघांना घरात कोंडा."

"का?"

"ढोल, ताशे, गर्दी. जनावर आहे."

"ज्याला कोंडायचं त्याला हद्द कशाला? आणि ज्याला हद्द दिली त्याला कोंडायचं कशाला?" ते म्हणाले. "तुझ्याच तारेवर तुझा विश्वास नाही?"

"तारेवर आहे. चारावर नाही."

ते हसले. कोंडलं नाही.

दुपारी मूर्ती फाटकाशी थांबली. ढोलांनी भिंती हलत होत्या. कुत्री दोन्ही रेघेवर उभी, पण जागची हलली नव्हती. मालकांनी नारळ वाढवला. चौघांनी त्यांना उचललं, गुलाल उडाला, आणि मालक गर्दीच्या डोक्यावर हात वर करून डुलायला लागले. वादीने काय पाहिलं असेल? आपल्या माणसाला अनोळखी लोक उचलून नेतायत. तो सुटला. शिट्टी कुणाला ऐकू आली नाही, पण झटका बसला तेव्हा केकाटलेला मी ऐकला. तो तसाच भिंतीवरून उडाला. गर्दी फाटली. पोरांनी मालकांना अलगद खाली ठेवलं आणि ती मागे सरली. ढोल एकेक करून थांबले. वादी मालकांच्या पुढे, लोकांकडे तोंड करून उभा राहिला. चावला नाही, भुंकला सुद्धा नाही. नुसता उभा. काळ्या आयाळीवर गुलाल.

"वादी, घरी चल," मालक म्हणाले.

तो फाटकापर्यंत गेला. पट्ट्याने शिट्टी दिली, तो थबकला. मालकांकडे पाहिलं, आणखी एक पाऊल टाकलं, झटका बसला, आणि विव्हळत परत त्यांच्या पायाशी आला. या कुंपणाची खोड हीच आहे. रागाच्या भरात बाहेर पडणाऱ्याला झटका जाणवत नाही. घरी परतणाऱ्याला जाणवतो.

मी ओरडलो, "पट्टा काढा!" मालक गुडघ्याची पर्वा न करता रस्त्यावर बसले आणि त्यांनी पट्टा काढला. तरी वादी आत जाईना. पट्टा गेला होता, रेघ त्याच्या डोक्यात होती. पलीकडे प्रतिवादी रेघेवर उभी राहून रडत होती, आणि मागे गणपती, ट्रॉली, ढोल, सगळी आळी खोळंबली होती. शेवटी मालकांना खांद्यावर घेणाऱ्या त्याच चौघांनी मालकांच्या सांगण्यावरून वादीला उचललं आणि रेघेच्या आत नेऊन ठेवलं. एवढा मोठा कुत्रा लहान मुलासारखा हात-पाय सोडून पडला होता. कुणी तरी 'मोरया' म्हणालं, आणि ढोल पुन्हा सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मालकांनी आवारात सगळ्यांना बोलावलं. "पंजा बाहेर पडला," ते म्हणाले. "माझा शब्द तुम्ही ऐकलेला आहे. बोला."

बोलणार कोण? आदल्या दिवसापासून आळीत दुसरा विषय नव्हता. नर्सबाईच पहिल्यांदा म्हणाल्या, "हात माझो मोडललो, तर मी सांगतंय. रवांदेत ती. तेना कोणाक चावल्यान? धन्यासाठी धावलो तो. तेंका खंय धाडतलास?"

सगळ्यांनी माना हलवल्या. मग मी उभा राहिलो.

इथे मला नीट सांगू द्या, कारण आळीत हे कुणी नीट सांगत नाही. मला कुत्री घालवायची नव्हती. मला तीन हात जागा हवी होती. पण धंद्यात कुणी पहिल्या तोंडाला शेवटचा भाव सांगत नाही. तीन हात हवे असतील तर सगळं आवार मागायचं. समोरचा 'छे' म्हणतो, आपण थोडं खाली येतो, तो थोडा वर येतो, आणि तीन हातांवर ठरतं. मी दुकान घेतल्यापासून मालकांनी माझ्याशी हेच केलं होतं. म्हणून मी म्हणालो, "शब्द म्हणजे शब्द. कुत्री गेली पाहिजेत."

"अरे, गप रे!" वरून कुणी तरी ओरडलं.

"का गप? उद्या दुसऱ्याचा हात मोडला तर? मालक, सांगा तुम्ही."

मी थांबलो. आता त्यांची पाळी होती. त्यांनी म्हणायचं होतं, 'लालबाग, एवढं ताणू नकोस, तुझं दार मोकळं करून देतो.' मी थोडे आढेवेढे घेऊन 'बरं' म्हणणार होतो. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. "लालबाग बरोबर बोलतो," ते म्हणाले. "रविवारी जातील." आणि उठून आत गेले.

सगळ्या आवाराने माझ्याकडे पाहिलं. मी काय करायला हवं होतं? त्यांच्या मागे धावत जाऊन 'मी कमी करतो' म्हणायला हवं होतं? गिऱ्हाइकाने हो म्हटल्यावर भाव उतरवणारा दुकानदार मी अजून पाहिलेला नाही.

रविवारी जुन्नरकडून त्यांच्या भाच्याचा टेम्पो आला. त्याचं तिथे मोठं शेतघर आहे, थंडावा आहे, जाळीचं कुंपण आहे. टेम्पो बोळात उभा केला. मालकांनी दोघांचे पट्टे काढले, मी घरातली डबी बंद केली, आणि मालक फाटकाबाहेर उभे राहून हाका मारायला लागले. दोघं रेघेपर्यंत आली आणि बसली. खारी दाखवली. बसूनच राहिली. प्रतिवादीने तर मालकांकडे शेपटी हलवत असं पाहिलं, की बघा, किती चांगली थांबले.

शेवटी फाटक पूर्ण उघडून टेम्पोच आत घ्यावा लागला. वळवायला जागा एकाच ठिकाणी होती. माझ्या मागच्या दारासमोर. टेम्पो मागे मागे येत दारापासून तीन हातांवर थांबला, फळी उघडली, आणि दोघं रेघ न ओलांडता आपणहून वर चढली.

फळी लागली. भाचा पुढे बसला. वर गॅलरीत सगळे होते, पण माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. टेम्पो बोळातून बाहेर पडेपर्यंत मालक हात मागे बांधून उभे होते. मला राहवेना.

"मालक, मी खाली आलो असतो."

"ठाऊक आहे."

"मला फक्त दार हवं होतं."

"तेही ठाऊक आहे रे. तीन हात."

"मग एकदा विचारायचं होतंत! नेहमी भाव करता, तेव्हाच का नाही केला?" माझा आवाज चढला होता.

"केला असता तर कुत्री राहिली असती," ते म्हणाले. "पण माझा शब्द माझ्याकडे राहिला नसता. तुझ्या गल्ल्यात गेला असता. आणि लालबागच्या माणसाने सोडला म्हणून मालकांचा शब्द गिरगावात शाबूत आहे, असं मला मरेपर्यंत ऐकावं लागलं असतं."

मी म्हणालो, मी असं कधी बोललो नसतो.

"बोलला असतास," ते म्हणाले. "तुझ्या जागी मीही बोललो असतो."

एवढं बोलून ते आत जेवायला गेले. मी पुढून दुकानात गेलो आणि आतून मागचं दार ढकललं. ते भिंतीला आपटेपर्यंत पूर्ण उघडलं.